लहानग्यांसाठी म्युझिक प्लेअर: ग्राहकाने काय पाहावे, दुकानदाराने काय सांगावे

कंधारच्या बाजारात कापड घ्यायला आलेले गिऱ्हाईक तागा उलगडून उजेडात धरते, बोटांत चुरगळून पाहते, कोपरा ओला करून रंग जातो का ते तपासते आणि मगच भाव विचारते. या चोखंदळपणाचा आम्हा कापडवाल्यांना राग येत नाही, कारण पैसा कष्टाचा असतो. पण हेच गिऱ्हाईक ईदच्या आदल्या दिवशी किंवा हाजी सय्याह यांच्या दर्ग्याच्या उर्सात लेकरासाठी गाणी वाजवणारा डबा घेते, तेव्हा लुकलुकणारे दिवे आणि आवाजाचा दणका एवढेच पाहते. लेकरू रडायचे थांबले, काम झाले.

कापड खराब निघाले तर पैसे जातात. हा डबा खराब निघाला तर मुलाचा कान बिघडू शकतो आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. आपल्या वाचकांपैकी काही जण असा माल विकतात आणि बहुतेक सगळे तो घरी नेतात. म्हणून दोघांच्याही कामाच्या चार गोष्टी येथे मांडत आहोत.

मोबाइलपेक्षा प्लेअर बरा

पहिला प्रश्न असा येईल की घरात मोबाइल असताना वेगळी वस्तू हवीच कशाला? उत्तर सोपे आहे. मोबाइल दिला की मूल ऐकत नाही, पाहत बसते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षापर्यंतच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक पडदा दाखवू नये, त्याहून कमी असेल तितके चांगले, असे त्यात म्हटले आहे. बसल्या वेळी गोष्टी सांगाव्यात, वाचून दाखवावे, असा सल्लाही त्यात आहे. गोष्टी आणि गाणी ऐकवणारा, पडदा नसलेला प्लेअर येथे उपयोगी पडतो.

युरोपातल्या व्यापाऱ्यांनी ही गरज आधीच ओळखली. जर्मनीत 2016 साली टोनीबॉक्स नावाचा एक चौकोनी डबा बाजारात आला. त्याला पडदा नाही. मुलाने डब्यावर एक छोटी बाहुली ठेवली की तिची गोष्ट सुरू होते, उचलली की थांबते. आवाजाची कमाल मर्यादा आईवडील ठरवू शकतात. आम्हा कापडवाल्यांचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. त्या डब्याला बाहेरून मऊ कापडी आवरण आहे, म्हणजे पडला तरी लागत नाही आणि फुटत नाही. असा महागडा डबा आपल्याकडे घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. घ्यायची ती त्यामागची अक्कल. मोठी बटणे, थोडी बटणे, पडदा नाही, आवाजाला लगाम आणि पडले तरी टिकेल अशी बांधणी. आपल्या बाजारातल्या साध्या मेमरी कार्डच्या प्लेअरमध्येही एवढे शोधले तर सापडते.

कानाचा हिशेब

माणसाच्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात त्या साधारण 15 ते 16 हजार असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. जन्मतः मिळालेले हे भांडवल आहे, खर्च झाले की संपले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली गाणी ऐकण्याच्या उपकरणांसाठी एक मानक जाहीर केले. त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास आणि मुलांसाठी 75 डेसिबलचे 40 तास अशी मर्यादा आहे. येथे एक हिशेब व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा. डेसिबल हे माप रुपयांसारखे सरळ वाढत नाही. दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलासाठी 75 ला 40 तास, तर 78 ला 20 तास, 81 ला 10 तास आणि 84 ला फक्त 5 तास, तेही संपूर्ण आठवड्याचे. मुलांच्या हेडफोनवर ‘85 डेसिबल मर्यादा’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्या हिशेबाने पूर्ण आवाजात तो आठवड्याला जेमतेम चार तास चालवावा लागेल.

आपल्या दुकानात आवाज मोजायचे यंत्र नसते. म्हणून साधी परीक्षा सांगतो. प्लेअर पूर्ण आवाजावर ठेवा आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोला. त्याला ऐकू जाण्यासाठी तुम्हाला ओरडावे लागले, तर तो प्लेअर लहान मुलासाठी नाही. मूल खेळणे हातभर अंतरावर ठेवत नाही, थेट कानाला लावते, हेही विसरू नये. मोकळ्या जागी अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे 6 डेसिबल चढतो. म्हणून लहान मुलाला कानात घालायचा इअरफोन देऊच नये. प्लेअर फळीवर ठेवावा आणि मुलाने खाली बसून ऐकावे.

सेलचे झाकण

आता सर्वांत गंभीर गोष्ट. स्वस्त गाण्याच्या खेळण्यांत, रिमोटमध्ये, दिवे लागणाऱ्या वस्तूंत चकतीसारखा चपटा सेल असतो. त्याला बटन सेल म्हणतात. रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत सेल मुलाच्या हाती लागला की तो तोंडात जातो. मोठा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, तेथे तीव्र क्षार तयार होतो आणि आतली त्वचा जळू लागते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल वापरून संपलेला असला तरी धोका उरतोच. ऑस्ट्रेलियाने जून 2022 पासून अशा वस्तूंसाठी सक्तीचे नियम लागू केले आणि त्याच वर्षी अमेरिकेतही यासाठी कायदा झाला. मुले दगावल्यानंतरच हे देश जागे झाले.

आता आपला हिशेब करा. कंधारहून नांदेड सुमारे 50 किलोमीटर. तालुक्यातल्या वाडीवस्तीवरून गाडी मिळवून विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्या दोन तासांतले किती उरतील? म्हणून इलाजापेक्षा झाकण महत्त्वाचे. सेलचे झाकण स्क्रूने बंद असले पाहिजे. नखाने उघडणारे झाकण असलेली वस्तू घेऊ नये आणि विकूही नये. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयाकडे तत्काळ निघावे आणि बटन सेलचा संशय आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

याच जातीची आणखी काळजी. मेमरी कार्ड नखाएवढे असते, त्याची खाच झाकलेली असावी. गळ्यात अडकवायची लांब दोरी काढून टाकावी. चार्जिंगच्या प्लेअरमध्ये लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे चार्जिंगला लावलेली वस्तू मुलाच्या हाती देऊ नये. बॅटरी फुगलेली दिसली तर मोह न धरता वस्तू बाजूला काढावी.

शिक्का आणि बिल

केंद्र सरकारच्या 2020 च्या आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. विजेवर वा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे. वस्तू खेळणे म्हणून न विकता ब्लूटूथ स्पीकर म्हणून विकली जात असेल, तर तिच्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. चार्जर आणि लिथियम बॅटरी यांनाही अशी नोंदणी लागते. हे क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकून खरे-खोटे तपासता येते. दोन मिनिटांचे काम आहे.

दुकानदार बांधवांनी आणखी एक कलम वाचून ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 मध्ये अमलात आला. सदोष मालामुळे इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कोणाची, हे त्यात सांगितले आहे. वस्तू कोणी बनवली हेच कळत नसेल, तर ती विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे बिनबिलाचा, बिननावाचा माल घेऊन चार पैसे जास्त सुटतात, पण कारखानदाराचे ओझेही आपल्याच डोक्यावर येते. घाऊक बाजारातून माल उचलताना पक्के बिल आणि खोक्यावर कारखानदाराचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता एवढे तरी मागावे. ग्राहकालाही बिल द्यावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपल्या कारागीर बांधवांसाठीही यात एक दार उघडे आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवलेल्या व विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. प्लेअर आपण बनवणार नाही, पण त्यासाठी धुता येणारी सुती पिशवी, पडल्यावर धक्का शोषणारे गादीचे आवरण, स्पीकरची जाळी उघडी ठेवून शिवलेले कव्हर हे काम आपल्या शिलाई मशीनवर होण्यासारखे आहे. चिंध्या आणि कटपीस आपल्याकडे पडूनच असतात.

आत काय भरावे

सारेगामा कंपनीने 2017 साली 5 हजार जुनी गाणी भरलेला कारवां नावाचा प्लेअर आणला आणि तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आवडला. मुलाची गरज मात्र वेगळी आहे. त्याला 5 हजार नव्हे, 20 ऐकणी पुरतात. तो एकच गोष्ट 50 वेळा ऐकतो आणि त्यातूनच भाषा शिकतो. म्हणून आपल्याला हवे ते भरता येईल असा कार्डाचा प्लेअर आम्ही अधिक पसंत करतो.

आपल्या घरांत मूल घरी दखनी बोलते, शाळेत उर्दू शिकते आणि बाजारात त्याला मराठी लागते. तिन्ही भाषा त्याच्या कानावर लहानपणीच पडल्या तर पुढे कोणत्याही दुकानात, कचेरीत ते अडणार नाही. इक्बाल यांची ‘बच्चे की दुआ’ असू द्या, मराठी बडबडगीते असू द्या, दोन ते दहापर्यंतचे पाढे असू द्या. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे दादी-नानीने सांगितलेल्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या कार्डात घाला. त्याला काही खर्च येत नाही. कमाईसाठी पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेलेल्या अब्बांनीही दोन गोष्टी आपल्या आवाजात पाठवाव्यात. घरात मूल त्या ओळखीच्या आवाजावर झोपेल. गाणी भरून देणाऱ्या दुकानांतून मात्र चोरीची गाणी भरून घेऊ नयेत, तो कायद्याने गुन्हा आहे.

थोडक्यात, पैसे मोजण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. पूर्ण आवाजावर ठेवून पाहिले का? सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे का? शिक्का किंवा नोंदणी क्रमांक आहे का? मुलाला बटण स्वतः दाबता येते का? बिल मिळाले का? यातले एकही उत्तर ‘नाही’ आले तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी. आणि दुकानदार असाल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच ही पाच उत्तरे सांगावीत. असा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या ईदला तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना सोबत घेऊन येते.