शेवटच्या पायरीवर आरक्षण नाही, म्हणून तयारी पहिल्या दिवसापासून!

समाजातला मुलगा एम.डी. झाला की वस्तीत फलक लागतो, विहारात सत्कार होतो. व्हायलाच हवा! पण एम.डी., एम.एस. ही वैद्यकातली शेवटची पायरी नव्हे. हृदयरोग, मूत्रपिंड, मेंदूची शस्त्रक्रिया अशा विषयांचे तज्ज्ञ घडवणारे डी.एम., एम.सीएच. आणि डीआरएनबी हे अभ्यासक्रम त्याच्या पुढे आहेत. सुपर स्पेशालिटीच्या या दारात आपल्याला आरक्षण नाही, हे किती पालकांना ठाऊक आहे?

मंडल खटल्याच्या १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकातील सुपर स्पेशालिटीत आरक्षण इष्ट नसल्याचे मत नोंदवले. १९९९ च्या डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात तर या पातळीवर गुणांची सवलतही नको, असे सांगितले. कारण काय, तर गुणवत्ता! मात्र जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा नीट-एसएसचा पात्रता पर्सेंटाइल खाली आणला गेला. मग त्या वेळी गुणवत्ता बुडाली नाही काय? परीक्षेतले गुण सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक भांडवलाचा फायदा दाखवत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलिओ न्युनेस प्रकरणात मान्य केले आहे. हा धागा धरून कायद्याची लढाई लढावीच लागेल. पण निकाल लागेपर्यंत आपल्या लेकरांनी थांबायचे काय? नाही!

तेव्हा दार नीट समजून घ्या. २०१७ पासून प्रवेश नीट-एसएसने होतात. १५० प्रश्न, ६०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा. प्रश्न एम.डी., एम.एस. उत्तीर्ण होताना जे यायला हवे त्या पातळीचे असतात. म्हणजे वॉर्डातली तीन वर्षे हीच खरी तयारी. शेवटच्या सहा महिन्यांचा क्लास नव्हे. शाखा निवडतानाच पुढचे पाहा. कार्डिओलॉजीकडे जायचे तर मेडिसिन किंवा पेडिअॅट्रिक्स, न्यूरोसर्जरीकडे जायचे तर सर्जरी; कोणत्या पदवीवर कुठे जाता येते ते माहितीपत्रकात आधी वाचा. एम्ससारख्या संस्थांची आयएनआय-एसएस ही परीक्षा वेगळी असते. एम्समध्ये लेखीनंतर विभागाची चाचणीही होते. तिथे रुग्ण तपासून ठामपणे मांडणी करावी लागते.

इथेच जात आडवी येते. ज्या निवासी डॉक्टरला फक्त कागद भरायला आणि धावपळीला जुंपले, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर ठेवले, त्याची तयारीच चोरली जाते. जातीय छळाचे आरोप झालेल्या प्रकरणात डॉ. पायल तडवी यांना आपण २०१९ मध्ये गमावले. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, लॉगबुक रोजच्या रोज भरा, प्रबंध वेळेत द्या. अन्याय झाला तर तारीखवार लेखी तक्रार करा, तिची पोच घ्या. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबत नाही.

आणखी एक वाट सरकारी सेवेतल्या डॉक्टरांची. तामिळनाडूने २०२० मध्ये त्यांच्यासाठी सुपर स्पेशालिटीच्या ५० टक्के जागा राखल्या आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यानुसार प्रवेश करू दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रात राबणाऱ्या आपल्या डॉक्टरांनी आपापल्या राज्याचा नियम बारकाईने वाचावा. बंधपत्राच्या अटी तर सही करण्यापूर्वीच वाचाव्यात.

आता समाजाचे काम. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. बुद्धी त्यांची होती, पण वेळेवर मिळालेला आधारही मोलाचा होता. आज असा आधार आपल्या विहारांनी का देऊ नये? जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा परीक्षा शुल्क आणि सराव चाचण्यांसाठी ठेवा. एम.डी. झालेल्या मुलाच्या मागे लगेच लग्नाचा आणि दवाखाना टाकण्याचा तगादा लावू नका. आणि जे डी.एम., एम.सीएच. होऊन बसले आहेत, त्यांनी रविवारचा एक तास मागून येणाऱ्यांना द्यावा. वर पोहोचलेल्याने शिडी ओढून घ्यायची नसते, ती धरून ठेवायची असते.

जय भीम!