रहीम मास्तरांचा डाव

जालन्यातल्या शाळांत नव्याने फुटबॉल शिकवायला लागलेल्या सरांनी हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम जरूर वाचावेत. 1956 पर्यंत आपला मुलूख हैदराबाद राज्यातच, म्हणजे माणूस थोडा आपलाही! हायस्कुलात मास्तरकी केलेले रहीम 1950 पासून भारताचे प्रशिक्षक. पोरं एकाच पायाने खेळतात म्हणून त्यांनी फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या.

1962, जकार्ता एशियाड. बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. उपांत्य सामन्यात रहीमांनी त्याला चक्क सेंटर फॉरवर्डला उभं केलं. गड्याने तिथेही गोल मारला आणि फायनललाही! दक्षिण कोरियावर 2-1, सुवर्णपदक. फुटबॉलमधलं एशियाड सुवर्ण त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही.