पर्यवेक्षक नसलेलं कॉलेज

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आपल्याकडे भरारी पथकांच्या बातम्या सुरू होतात. अमुक केंद्रावर इतक्या कॉप्या पकडल्या, तमुक जिल्हा संवेदनशील जाहीर झाला. मुलांवर पाळत ठेवल्याशिवाय परीक्षा होऊच शकत नाही, असं आपण सगळ्यांनी मनोमन धरून टाकलं आहे. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावात एक लहानसं कॉलेज आहे. तिथे अनेक विषयांचा पेपर विद्यार्थी हातात घेतो आणि सरळ आपल्या खोलीवर जातो. पेपरवर सूचना लिहिलेल्या असतात: वेळ इतके तास, एका बैठकीत सोडवायचा, पुस्तक उघडायचं नाही, फार तर टिपणांचा एक कागद जवळ चालेल. घड्याळ लावणारा तोच आणि वेळ संपल्यावर पेन खाली ठेवणाराही तोच. पेपर अतिशय अवघड असतो, पण शेजारी कुणीही उभं नसतं.

हे हार्वी मड कॉलेज. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर, सॅन गेब्रियल डोंगररांगेच्या पायथ्याशी. विद्यार्थी साधारण ९००, म्हणजे चारही वर्षांची मुलं-मुली मिळून. आपल्याकडच्या मोठ्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका वर्षाला एवढे प्रवेश होतात. इथे पीएच.डी. करणारे संशोधक विद्यार्थी नाहीत. त्यामुळे वर्गावर, प्रयोगशाळेत आणि संशोधनातही प्राध्यापकाच्या समोर असतो तो पदवीचा विद्यार्थीच. एकोणीस वर्षांच्या मुलीला ज्येष्ठ प्राध्यापकाबरोबर उन्हाळाभर एका प्रश्नावर काम करायला मिळतं, कारण ते काम करायला दुसरं कुणी नसतंच.

हार्वी सीली मड हे खाण अभियंता. सायप्रस बेटावरच्या प्राचीन तांब्याच्या खाणी पुन्हा सुरू करणारी कंपनी त्यांच्या घराण्याची. क्लेअरमाँटमध्ये शेजारी शेजारी वसलेल्या, पण स्वतंत्र कारभार असलेल्या कॉलेजांचा एक समूह आकाराला येत होता आणि मड अनेक वर्षं त्याच्या कारभारात होते. १८८७ सालचं पोमोना, १९२६ सालचं मुलींचं स्क्रिप्स आणि १९४६ सालचं क्लेअरमाँट मेन्स (आता क्लेअरमाँट मकेना) ही तिथली आधीची पदवी कॉलेजं. विज्ञान आणि अभियांत्रिकीचं असं एकही नव्हतं. मड १९५५ मध्ये वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या नावाने कॉलेजची स्थापना झाली आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड मड विश्वस्त मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९५७ च्या सप्टेंबरात ४८ विद्यार्थी आणि ७ प्राध्यापक घेऊन वर्ग सुरू झाले. महिनाभरातच, ४ ऑक्टोबरला, रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला एकाएकी शास्त्रज्ञांची, अभियंत्यांची निकड भासू लागली. अशा काळात भराभर तंत्रज्ञ तयार करणं सोपं होतं. पहिले अध्यक्ष जोसेफ प्लॅट स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. आपण समाजात काय उलथापालथ करतो याचं भान शास्त्रज्ञाला हवं, त्यासाठी इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र हे त्याच्या शिक्षणातच असायला हवं, असं त्यांनी ठरवलं. आजही पदवीचा सुमारे पाव हिस्सा मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि कलांचा असतो. त्यातले काही विषय विद्यार्थी शेजारच्या कॉलेजांत जाऊन शिकतात. सकाळी क्वांटम मेकॅनिक्स आणि दुपारी दहा-पंधरा मिनिटं चालत जाऊन पोमोनात संगीत किंवा स्क्रिप्समध्ये चित्रकला, असं वेळापत्रक इथे सहज जमतं.

या कॉलेजचा कणा म्हणजे ‘कोअर’. पहिलं वर्ष-दीड वर्ष प्रत्येकाने, पुढे काहीही व्हायचं असो, गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी या सगळ्यांत उतरायचंच. लेखनाचा एक अभ्यासक्रमही सक्तीचा आहे आणि तो शिकवायला वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक येतात. गणिताचा प्राध्यापक निबंध तपासतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लिहिणं हे भाषेच्या शिक्षकाचं खातं आणि आपण आकडेमोड करणारे, ही वाटणी आपल्या विज्ञानाच्या मुलांचं किती नुकसान करते! मुख्य विषय निवडायचा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. तोवर भौतिकीच्या ओढीने आलेली मुलगी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमलेली असू शकते आणि तिने विषय बदलला तर कुणाच्या घरी सुतक पडत नाही. अभियांत्रिकीत तर शाखाच नाहीत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल असं काही नाही, पदवी एकच, अभियांत्रिकीची. यंत्र कुठे संपतं आणि विद्युत मंडल कुठे सुरू होतं, हे खऱ्या कामात कुणी विचारत नाही, अशी त्यामागची धारणा. पुढे खोलात जायचं असेल तर एम.एस., पीएच.डी. आहेतच, आणि इथून पीएच.डी.पर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या सगळ्या संस्थांत कॅलटेकच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्याच नामांकित विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेच्या, पंक्तीत बसणारं आहे.

पहिल्या सत्राला श्रेणी नसते. उत्तीर्ण किंवा श्रेयांक नाही, एवढंच. इथे येणारं जवळपास प्रत्येक मूल आपल्या शाळेत पहिलं-दुसरं आलेलं असतं. पहिल्याच महिन्यात त्याला कळतं की खोलीतला सोबती, समोरच्या खोलीतली मुलगी, सगळेच तसे आहेत आणि आयुष्यात प्रथमच गृहपाठ एका बैठकीत सुटत नाही. तो धक्का पचवायला कॉलेज त्यांना चार महिने देतं. आपल्याकडे आयआयटीत पहिल्या सत्राला कोलमडणारी हुशार मुलं आठवली की या चार महिन्यांची किंमत कळते.

परीक्षा खोलीवर सोडवायची मुभा ज्या ‘ऑनर कोड’मधून, म्हणजे प्रामाणिकपणाच्या करारातून, येते, तो विद्यार्थ्यांच्या ताब्यात आहे. नियम मोडल्याची प्रकरणं विद्यार्थ्यांचंच मंडळ ऐकतं. आपल्या हातून चूक झाली तर आपणच जाऊन सांगावं, अशी अपेक्षा असते. याच करारावर प्रयोगशाळा आणि कार्यशाळा रात्री-बेरात्री विद्यार्थ्यांसाठी खुल्या राहतात. गृहपाठाचीही रीत ठरलेली आहे. फळ्याभोवती जमून चर्चा करा, वाद घाला, पण लिहायला आपापलं बसा आणि कुणाची मदत झाली त्याचं नाव वहीत नोंदवा. मदतीला ‘ग्रूटर’ असतात. गृहपाठ तपासणारा आणि शिकवणारा, दोन्ही कामं करणाऱ्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला इथे तसं म्हणतात. संध्याकाळी ठरलेल्या खोलीत तो बसलेला असतो आणि त्याच्याकडे जाण्यात कमीपणा वाटत नाही, कारण गेल्या वर्षी तोही असाच कुणाकडे तरी जात होता. असा करार नऊशे जणांत टिकतो. नऊ हजारांत टिकेल का, याची मला शंका आहे. इथे फसवायचं म्हटलं तर अनोळखी व्यवस्थेला फसवता येत नाही. ज्या माणसाबरोबर रोज जेवायला बसतो, त्यालाच फसवावं लागतं.

या विश्वासाचं सगळ्यात धाडसी रूप म्हणजे ‘क्लिनिक’. १९६३ मध्ये अभियांत्रिकीचे दोन प्राध्यापक, जॅक अल्फर्ड आणि मॅक गिल्केसन, यांनी ते सुरू केलं. डॉक्टर होणारा विद्यार्थी वॉर्डात रुग्णांपुढे शिकतो, मग अभियंता होणाऱ्याने खऱ्या अडचणीपुढे का शिकू नये, हा त्यांचा प्रश्न होता. एखादी कंपनी किंवा प्रयोगशाळा आपली खरीखुरी, न सुटलेली अडचण घेऊन येते आणि कॉलेजला त्याचं शुल्कही देते. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट पूर्ण शैक्षणिक वर्ष तिच्यावर काम करतो. गटप्रमुख विद्यार्थीच. प्राध्यापक सल्ल्याला असतो, पण कंपनीशी बोलणं, खर्चाचा हिशेब, वेळापत्रक, शेवटचा अहवाल हे सगळं गटाने सांभाळायचं. मे महिन्यात सगळे गट आपलं काम लोकांपुढे मांडतात. पुढे गणित, भौतिकी आणि संगणकशास्त्रानेही हीच रीत उचलली. आपल्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची अवस्था ठाऊक असलेल्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. आपली मुलं कमी पडतात असं नाही. त्यांच्या हाती कुणी खरी अडचण देतच नाही.

संगणकशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाची गोष्ट तर मला प्रत्येक शिक्षकाला सांगावीशी वाटते. २००६ मध्ये मरिया क्लावे अध्यक्ष झाल्या. त्या स्वतः गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ, आणि या कॉलेजच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. तेव्हा संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम दहा टक्के होत्या. विभागातल्या प्राध्यापकांनी कारणं शोधली तेव्हा दोष मुलींच्या कुवतीत नव्हता, तो वर्गात होता. काही मुलं शाळेपासूनच प्रोग्रामिंग करून आलेली असत. पहिल्या दिवसापासून ती मोठमोठे प्रश्न विचारत आणि ज्यांनी कधी एक ओळ लिहिलेली नाही त्यांना वाटे, आपली इथे जागा नाही. मग प्राध्यापकांनी वर्गाची पूर्वानुभवाप्रमाणे विभागणी केली आणि तुकड्यांना कॉलेजच्या रंगांची, सोनेरी आणि काळी, अशी नावं दिली. प्रोग्रामिंगची जावा भाषा सोडून पायथन आणली. सत्राच्या शेवटी सगळे एकाच पातळीला पोहोचतील अशी आखणी केली. वर्ग अडवून बोलणाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुझे प्रश्न चांगले आहेत, आपण ते माझ्या खोलीत बोलू. पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ग्रेस हॉपर संमेलनाला नेलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात संशोधनाचं काम दिलं. पाच-सहा वर्षांत मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं आणि २०१८ मध्ये या विषयाच्या पदवीधरांत मुली निम्म्याहून अधिक होत्या. अभ्यास कुठे सोपा केला नाही. आत यायचा दरवाजा तेवढा रुंद केला.

अभ्यासाबाहेरचं जीवनही याच मुशीतलं. जवळजवळ सगळेच विद्यार्थी आवारात राहतात आणि नव्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह नसतं. प्रत्येक वसतिगृहात चारही वर्षांची मुलं मिसळून असतात, त्यामुळे रात्री अडलेलं गणित सोडवून देणारं कुणीतरी त्याच मजल्यावर सापडतं. एकचाकी सायकलचं इथे जुनं वेड आहे. वर्गाला जाताना ती दिसते आणि एका वार्षिक फेरीत तिच्यावर बसून मंडळी शेजारच्या गावातल्या डोनटच्या दुकानापर्यंत जातात. जुन्या इमारतींच्या काँक्रीटच्या विटांवर चौकोनी उंचवटे आहेत. वास्तुविशारद एडवर्ड ड्युरेल स्टोन यांचं ते काम. विद्यार्थ्यांनी त्या उंचवट्यांना ‘वॉर्ट’, म्हणजे चामखीळ, म्हटलं आणि ‘वॉली वॉर्ट’ नावाची काँक्रीटची चामखीळ कॉलेजचं लाडकं बोधचिन्ह होऊन बसली. १९८६ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी कामगारांचा वेष करून थेट कॅलटेकमधली फ्लेमिंग वसतिगृहाची तोफ उचलून आणली. ती पुढे परत केली, पण आठवण परत केलेली नाही. आणखी एक आठवण ते अभिमानाने सांगतात: १९९७ मध्ये महाविद्यालयांच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेचं विजेतेपद मोठमोठ्या विद्यापीठांना मागे टाकून या कॉलेजच्या संघाने मिळवलं. डेटाबेसची एसक्यूएल भाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक, डोनाल्ड चेंबरलिन, आणि अंतराळवीर जॉर्ज नेल्सन व स्टॅन्ली लव्ह हे इथलेच.

पण या सगळ्याचा भार फार मोठा आहे आणि तो लपवून या कॉलेजचं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. झोप, जेवण, मैत्री, सगळं गृहपाठाच्या मागे पडतं, अशी विद्यार्थ्यांची तक्रार वर्षानुवर्षं होती. २०१७ च्या वसंतात ती उफाळून आली. अभ्यासाच्या ताणाबद्दल बाहेरच्या तज्ज्ञांनी तयार केलेला अहवाल विद्यार्थ्यांच्या हाती लागला. आताची मुलं पूर्वीच्या तोडीची नाहीत, असं काही प्राध्यापकांचं मत त्यात नोंदलेलं होतं. त्या वर्षी कॉलेजने दुःखद प्रसंगही पाहिले होते. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, मानसिक आरोग्यासाठी अधिक निधी आणि समुपदेशक मागितले. एप्रिलमध्ये दोन दिवस वर्ग रद्द करून सगळं कॉलेज बोलायला बसलं. त्यानंतर कोअरची फेरआखणी झाली, भार हलका करण्याचे प्रयत्न झाले. ज्यांच्यावर परीक्षेच्या घड्याळाबाबत विश्वास टाकला, ते थकलो म्हणतात तेव्हाही त्यांच्यावर विश्वास टाकायला हवा. माझ्या मते त्या वसंतात कॉलेजला हेच शिकावं लागलं आणि ते उशिरा शिकलं.

आपल्याकडे या कॉलेजच्या कोअरच्या जवळपास जाणारा प्रयत्न पुण्यात झाला. २००६ मध्ये आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) सुरू झालं तेव्हा पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षं सगळ्यांना गणित, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र एकत्र शिकावं लागे. जीवशास्त्र कायमचं सोडलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून आलेली मुलं तिथे जीवशास्त्रज्ञ झाली. शुल्काच्या दृष्टीने तर तुलनाच नाही: हार्वी मडचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या वर आहे. अमेरिकन विद्यार्थ्याची जेवढी आर्थिक गरज सिद्ध होते तेवढी कॉलेज भागवतं, परदेशी विद्यार्थ्यांसाठी मात्र मदत मर्यादित असते, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं. ज्यांना तरीही अर्ज करायचा आहे त्यांनी शाळेत भौतिकी, रसायन आणि कॅल्क्युलस केलेलं हवं. दहा अर्जांमागे एखाद-दुसऱ्यालाच प्रवेश मिळतो. अर्जासोबत निबंध लागतात आणि ते लक्षपूर्वक वाचले जातात. कोणता विषय घेणार, हा प्रश्न अर्जात असतो, पण त्याचं उत्तर बांधून ठेवत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ते बदलता येतं.