खुर्चीचे हात, मुलांचे हात

मॉलमध्ये पैसे भरून पाठ रगडून घ्यायची खुर्ची आता घरांच्या दिवाणखान्यातही येऊ लागली आहे. पाठदुखीने बेजार झालेल्या अब्बा-अम्मींसाठी ती घ्यावी का, असा विचार कित्येक घरांत होतो. तो करताना ही खुर्ची नेमके काय करते, हे समजून घ्यायला हवे.

मालिश-खुर्चीचे उत्पादन नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ साली जपानमधील ओसाका येथे सुरू केले. सार्वजनिक स्नानगृहांत तिचा वापर होई. आजच्या खुर्चीच्या पाठीत वर-खाली सरकणारे रोलर असतात. ते आसावर तिरके बसवल्यामुळे मोटर फिरली की एकमेकांजवळ येतात, दूर जातात. कणीक मळणाऱ्या अंगठ्यांसारखा दाब त्यातून मिळतो. रोलर झपझप पुढे-मागे झाले की मुठीने हलके ठोकल्यासारखे वाटते. पोटऱ्यांभोवतीच्या पिशव्यांत पंप हवा भरतो आणि सोडतो. ते पाय चेपणे झाले. महागड्या खुर्च्या तर खांदे किती उंचीवर आहेत, हेही आधी चाचपून घेतात.

मात्र माणसाचा हात दाबतो आणि त्याच वेळी तपासतोही. गाठ लागली की अंगठा थांबतो, तोंडून ‘या अल्लाह’ निघाले की दाब हलका होतो. खुर्चीला कण्हणे ऐकू येत नाही. म्हणून हाडे ठिसूळ असतील, पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना जास्त दाब किंवा चटका लागलेला कळतही नाही.

वृद्ध माता-पित्यांशी नम्रतेने वागण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. ऐपत असेल तर त्यांच्यासाठी खुर्ची आणणे हीसुद्धा खिदमतच. पण तेवढ्याने आपली सुटका होत नाही. इशानंतर दहा मिनिटे त्यांच्या पायाशी बसावे. हे काम एकट्या सुनेवर न टाकता मुलानेही करावे. पाय चेपता चेपता अम्मी रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे सांगते आणि अब्बांचा सुजलेला घोटा हाताला लागतो.