लहान ट्रॅक्टरचा नांगर

शेतकऱ्यांच्या घरांतील आमच्या वाचकांस नांगर ही वस्तु नवी नाहीं. तथापि बैल जाऊन त्यांच्या जागीं लहान ट्रॅक्टर आला म्हणजे तोच नांगर एकाएकीं अनोळखी झाल्यासारखा वागूं लागतो, असा अनुभव पुष्कळांस येतो. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं असेंच झालें. त्याच्या वडिलांनीं दोन एकर बागाइतीसाठीं कर्ज काढून एक लहान ट्रॅक्टर व त्यास जोडावयाचा १० इंची लोखंडी नांगर घेतला होता. हरभरा निघाल्यावर त्यांनीं नांगरट सुरू केली, तों नांगर कोठें वरवर खरडत जाई, तर कोठें एकदम रुतून चाकें जागच्या जागीं फिरत. शिवाय ट्रॅक्टर सारखा एका बाजूस ओढला जाई. तीन दिवसांनीं त्यांनीं नांगर भंगाराच्या भावानें विकून दुसऱ्याचा मोठा ट्रॅक्टर भाड्यानें लावण्याचें ठरविलें. तत्पूर्वीं एकदां पाहून जावें, असा निरोप मुलानें आणल्यावरून आम्ही चार विद्यार्थी बरोबर घेऊन तेथें गेलों.

प्रथम या नांगराची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील जुना लाकडी नांगर माती फोडी, उलटवीत नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांस वाटे. आज ती भीति कोणासच ठाऊक नाहीं. या नांगराचा फाळ माती तळाशीं कापतो. फाळावरचा वळणदार पंख ती माती उचलून उजवीकडे पालथी घालतो. आणि डावीकडची सपाट बाजूपट्टी न नांगरलेल्या मातीच्या भिंतीस टेकून चालते. माती उलटतांना पंखावर बाजूनें जो जोर येतो तो सर्व ही पट्टी सोसते. ती भिंतीस सरळ टेकली नाहीं, कीं नांगर तिरपा होतो व ट्रॅक्टरासही आपल्याबरोबर ओढतो.

आम्ही हें मुलांस सांगत असतां बांधावर बसलेले त्या विद्यार्थ्याचे आजोबा उठून आले. त्यांनीं उभा जन्म बैलांचा नांगर धरला होता. बैल विकल्यापासून ते या यंत्राजवळ फिरकले नव्हते. त्यांनीं नांगराभोंवतीं एक फेरी घातली व म्हणाले, "गुरुजी, माझा हात सदा रुमण्यावर असायचा. नांगर वर आला कीं रुमणें उचलायचें, रुतला कीं दाबायचें, कलला कीं सावरायचें. ह्या नांगराला हात कुठं हाय?"

जें सांगण्यास आम्हांस फळा व खडू लागला असता तें आजोबांनीं एका प्रश्नांत सांगितलें. ट्रॅक्टरच्या नांगरास चालतां चालतां हात लावतां येत नाहीं. तो हात आधींच, ट्रॅक्टर उभा असतांना, पान्यानें बसवून ठेवावा लागतो. हा नांगर तीन ठिकाणीं जोडलेला असतो : खालीं दोन दांडे व वर मधोमध एक. अशी जोडणी असलेला हॅरी फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर इंग्लंडांत १९३६ सालीं विक्रीस आला, आणि आज लहानमोठे बहुतेक ट्रॅक्टर तिचाच अवलंब करतात. खालचा उजवा दांडा ज्या उभ्या गजानें उचलला जातो, तो गज फिरवून लांब वा आंखूड करतां येतो. वरचा मधला दांडाही तसाच. हींच या नांगराचीं रुमणीं.

त्या गृहस्थांनीं नांगर अंगणांत सपाट जमिनीवर जोडून अगदीं समपातळींत आणला होता. वरवर पाहतां यांत चूक दिसत नाहीं. परंतु शेतांत ट्रॅक्टरचीं उजवीं चाकें आधींच्या तासांत, म्हणजे सुमारें ६ इंच खालीं, चालतात आणि डावीं चाकें वरच्या जमिनीवर. सारा ट्रॅक्टर उजवीकडे कलतो व त्याच्याबरोबर नांगरही कलतो. म्हणून आम्हीं जुन्या चौकटीचे ६ इंच जाडीचे ठोकळे आणवून ट्रॅक्टरचीं दोन्ही डावीं चाकें त्यांवर चढविलीं. जो कल शेतांत येणार तोच अंगणांत आला. मग नांगर जमिनीवर टेकवून, त्याच्या उभ्या पायाशीं ओळंबा धरून, पाय ओळंब्यास मिळेपर्यंत उजवा गज आंखूड केला. गवंड्याच्या ओळंब्याचा शेतकऱ्यास काय उपयोग, असें वर्गांत विचारणाऱ्या मुलाच्याच हातीं आम्हीं तो मुद्दाम दिला होता.

यानंतर वरचा दांडा. तो आंखूड केला कीं फाळाचें टोंक खालीं झुकतें व नांगर जमिनींत शिरतो. लांब केला कीं टोंक वर येतें व नांगर खरडूं लागतो. सपाट जागीं टोंक टेकलें असतां बाजूपट्टीची मागची टांच जमिनीपासून सुमारें अर्धा इंच उचललेली असावी, इतकेंच झुकवणें पुरे. येथें तो दांडा बेसुमार आंखूड केलेला होता. नांगर शिरत नाहीं म्हणून पहिल्या दिवशीं तो आंखूड केला, आणि मग तो रुततो म्हणून ट्रॅक्टर दुबळा ठरला!

खरी फसवणूक मात्र रुंदींत होती. उजव्या मागच्या चाकाच्या आंतल्या कडेपासून बाजूपट्टीपर्यंतचें अंतर नांगराच्या रुंदीएवढें असावें लागतें. मोजलें तों तें १३ इंच भरलें. १० इंची नांगर प्रत्येक तासागणिक ३ इंचांची पट्टी न कापतां सोडीत होता, आणि उलटलेली माती तीवर पडून ती झांकली जात होती. आजोबांनीं नांगरलेल्या शेतांत काठी खुपसून पाहिली. ती एके ठिकाणीं सहज आंत गेली व वीतभर पुढें टणकन् अडली. त्या पट्टींत हराळीचीं मुळें सुखरूप होतीं. चाकें बदलून अंतर कमी केलें. असें करतांना डावें चाक उजवीकडे व उजवें डावीकडे न्यावें. तेंच चाक जागच्या जागीं उलटल्यास टायरच्या खांचा विरुद्ध दिशेस होऊन पकड जाते.

पंखावर कारखान्याचा रंग तसाच होता. काळी माती रंगावर चिकटून बसते व पंखाचें वळणच नाहींसें होतें. तेव्हां तो खरवडून पंख लखलखीत केला. मातीस वाफसा आहे कीं नाहीं हें तर आजोबांनीं मूठभर माती दाबून बोटानें फोडतांच सांगितलें.

याच वेळीं एक मुलगा उचललेल्या नांगराखालीं डोकें घालून फाळ पाहूं लागला. आम्हीं त्यास दंड धरून मागें ओढलें. उचललेला नांगर केवळ तेलाच्या दाबावर तरंगत असतो. कोणाचा हात चुकून कळीस लागला तर तो तत्क्षणीं खालीं येतो. पाना लावण्यापूर्वीं नांगर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावें, यास अपवाद नाहीं.

पहिलें तास आम्हीं ३ इंचच खोल घेतलें, कारण चाकास उतरावयास अद्याप तास नसतें. दुसऱ्यांत चाक उतरलें. तिसरें पुरतें ६ इंच खोल गेलें, आणि तेंच पाहून पारख करावयाची. माती सलग पालथी पडली होती, हरभऱ्याचें धसकट झांकलें होतें, तळ स्वच्छ होता व त्यावर टांचेची पुसट रेघ उमटली होती. याहून फार खोल जाण्याचा मोह धरूं नये. १० इंची नांगर ८ इंच घातला कीं माती उभी राहते व परत तासांत ढासळते.

वडिलांनीं सुकाणूवरचा हात क्षणभर सैल सोडून पाहिला. ट्रॅक्टर सरळच चालला. आजोबा मागून काठी खुपशीत शेताच्या दुसऱ्या टोंकापर्यंत गेले व कोठेंही न अडतां परत आले. सायंकाळीं मुलानें पंख धुवून त्यास जुन्या तेलाचा हात दिला. पहिल्या तीन दिवसांची नांगरट मात्र आडवी पुन्हा करावी लागली.