सरपणाची खोली

वाडे मोजत फिरताना मला एक सवय जडली : दिंडी दरवाजाच्या आधी परसदार पाहायचं. पुढची बाजू जगासाठी बांधलेली असते. घर चालतं कसं, ते विहीर, न्हाणी आणि सरपणाची खोली सांगते.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, हॉवर्थ गावी एक पार्सनेज आहे. पार्सनेज म्हणजे चर्चच्या पाद्र्याला राहायला दिलेलं घर. इथे १८२० साली पॅट्रिक ब्राँटे हे पाद्री सहा मुलं घेऊन आले. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या लेखिका त्यांतल्याच. या घराचा आराखडा हाती आला, तेव्हाही मी आधी मागच्या बाजूला गेलो.

पुढून घर शिस्तीचं आहे. १७७८-७९चं बांधकाम, भिंती स्थानिक दगडाच्या, छपरावरही दगडाच्याच पातळ फरशा. मधोमध दार, दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या, वर पाच. उजवीकडे वडिलांची अभ्यासिका, डावीकडे जेवणघर. मुली लिहायला बसत त्या याच जेवणघरात. समोर मात्र दफनभूमी. गावातल्या पाण्याची आणि सांडपाण्याची दशा सुधारावी म्हणून पॅट्रिक ब्राँटे अर्जविनंत्या करत राहिले. मग १८५०मध्ये बॅबेज नावाच्या सरकारी निरीक्षकाचा अहवाल आला. गावात मरणाऱ्यांचं सरासरी वय त्यात २५.८ वर्षं निघालं. पाद्र्याच्या मागच्या अंगणात स्वतंत्र संडास असणं ही तिथे चैन होती.

आता मागची बाजू. उजव्या हाताला स्वयंपाकघर आणि त्यामागे धुण्या-भांड्यांची जागा. डाव्या हाताला, जेवणघराच्या पाठीशी, एक कोठार. घराच्याच भिंतींत असूनही त्याचं दार फक्त बाहेरून. आराखड्यात मला हीच खोली सगळ्यांत बोलकी वाटते. तिथल्या माळरानावर पीट मिळतं : दलदलीत कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. तो कापायचा, वाळवायचा आणि जाळायचा. असलं जळण घरातून ने-आण करायचं कशाला? आपल्या गोवऱ्यांनाही माजघरातून वाट नसते.

१८५४मध्ये शार्लटचं लग्न ठरलं, वडिलांचे साहाय्यक आर्थर निकल्स यांच्याशी. म्हाताऱ्या वडिलांना सोडायचं नव्हतं, आणि नवऱ्याला बसायला जागा तर हवी. तिने ते कोठार रिकामं करवलं, आतून दार काढलं, भिंतींना हिरवा-पांढरा कागद लावला, त्याला साजेसे पडदे शिवले. २९ जूनला लग्न झालं. ३१ मार्च १८५५ रोजी ती गेली. ‘जेन एअर’च्या लेखिकेने जन्मात मांडलेली एवढीच एक नवी खोली, तीही सरपणाच्या जागेत.

पुढचे पाद्री वेड यांनी १८७०च्या दशकात उजवीकडे मोठा भाग जोडला. मागची धुण्याची जागा पाडली गेली, स्वयंपाकघराची येण्या-जाण्याची वाट झाली. त्यांनाही राहायचंच होतं, पण समोरच्या नेटक्या दर्शनी भागाचा तोल त्या जोडकामाने कायमचा गेला. १९२८पासून तिथे संग्रहालय आहे. निकल्स यांची खोली पाहायला लोक आतल्या दारातून जातात; ते दार शार्लटने काढलेलं.