काटा खाली आला म्हणजे चरबी गेली?

सियाचीनची पाळी संपवून सुटीवर आलेला जवान नागपूर स्टेशनात उतरतो, तेव्हा त्याचे गाल बसलेले असतात आणि पट्टा दोन भोकं आत गेलेला असतो. घरी आई विचारते, "काऊन रे बाबू, खायले नाही देत का तिकडं?" आणि संध्याकाळी मित्र म्हणतात, "मस्त ना भाऊ, फुकटात वजन उतरलं!" दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. कामठीची छावणी 1821 पासून आपल्या शेजारी आहे, फौजी माणूस आपल्याला नवा नाही. त्याच्या शरीराबद्दलच्या समजुती मात्र अजून ऐकीव आहेत.

'बर्फात चरबी वितळते' ही त्यातली सगळ्यांत लाडकी. खरं तर फौजी लंगरमध्ये खायला भरपूर असतं. सुका मेवा, चॉकलेट, डबाबंद फळं, सगळं असतं. विरळ हवेत मरते ती भूक. 1985 साली अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेत काही धडधाकट तरुणांना एका बंद कक्षात ठेवलं आणि 40 दिवसांत आतल्या हवेचा दाब एव्हरेस्टच्या माथ्याइतका खाली आणला. ना थंडी, ना पाठीवर ओझं, समोर आवडीचं जेवण. तरीही त्यांचं खाणं जवळपास 43 टक्क्यांनी घटलं आणि वजन सरासरी 7.4 किलोंनी उतरलं. त्यातला मोठा वाटा चरबीचा नव्हताच. सियाचीनच्या अठरा-वीस हजार फुटांवरच्या चौक्यांवर थंडी आणि बर्फ उपसण्याची मेहनत वर जोडा, म्हणजे जवान काय गमावून येतो ते कळेल. जातात त्या मांड्या आणि खांदे, म्हणजे पाठीवर पिट्टू उचलणारा माणूसच.

म्हणून चौकीवर 'वजन कमी करायचंय' हा बेत मनात धरणं चूक. तिथे भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे बघून, थोडं थोडं पण अनेकदा खायचं. भात-पोळी सोडण्याचं खूळ तर तिथे मुळीच चालत नाही. पिष्टमय पदार्थ जाळताना शरीराला तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीपेक्षा थोडा कमी ऑक्सिजन लागतो, आणि वर टंचाई नेमकी त्याचीच. घोटभर रमनं ऊब येते, हेही तसंच फसवं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून गरम वाटतं, पण आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर पडते.

आता डोंगरावरून खाली, आपल्या उन्हात. वार्षिक वैद्यकीय तपासणी जवळ आली की मैदानावर प्लास्टिकचं जॅकेट चढवून धावणारे दिसतात. फौजेत उंची-वयाच्या प्रमाण वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरलं की जादा वजनाचा शेरा बसतो, त्याची धास्ती असते. पण घामानं जातं ते पाणी. एक लिटर घाम म्हणजे एक किलो, आणि दोन तांबे पाणी प्यालं की काटा बराचसा मूळ जागी. सत्तर किलोच्या माणसाचं दीड-दोन लिटर पाणी गेलं तरी दम तुटू लागतो. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजनगटात बसण्यासाठी असाच घाम गाळताना दगावले. आणि आपल्या नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता! इथे मे महिन्यात प्लास्टिक घालून धावणाऱ्याला मी तरी व्यायामपटू म्हणणार नाही.

पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो.

'फौजी म्हणजे फिटच' हीसुद्धा समजूतच. शांत ठिकाणच्या नेमणुकीत कुणी गाडी चालवतो, कुणी दफ्तर सांभाळतो. लंगरची पुरी आणि शकरपारे मात्र तेच. वजन वाढायला तिथे युद्धबंदी नसते. म्हणून तर फौज काट्यावर थांबत नाही. बीपीईटी या लढाऊ शारीरिक क्षमतेच्या चाचणीत साज अंगावर चढवून 5 किलोमीटर धावायचं, 60 मीटर पळायचं, दोरावर चढायचं आणि 9 फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो. दोरावर माणसाला स्वतःचं वजन स्वतःच्याच हातांनी वर ओढावं लागतं, आणि तिथे चरबी व अशक्तपणा दोन्ही उघडे पडतात.

राहता राहिली सुटी. वर्षाची साठ दिवसांची रजा, त्यात सासुरवाडी, सावजी, तर्री-पोहे. उतरलेले किलो महिन्याभरात परत येतात, फक्त गेले होते स्नायू आणि आली चरबी. काटा जुनाच आकडा दाखवतो, घरचे खूश होतात. पहिल्या आठवड्यातच डाळ, अंडी, दही वाढवून दंड-बैठका आणि वजनं उचलणं सुरू केलं, तर मात्र गेलेलं बळ पुष्कळसं परत मिळतं. आईला एवढंच सांगा, ताटात तर्री थोडी कमी आणि उसळ थोडी जास्त वाढ. पहाटे पोरगा मैदानावर निघाला तर झोपू दे म्हणून अडवू नको.